माध्यमिक शाळेतील अभियांत्रिकी कौशल्य व त्याची परीक्षा : बपेऱ्याच्या संदर्भात एक चिकित्सा

१

तुमसर तालुक्यातील बपेरा हे गाव महाराष्ट्राच्या ईशान्य सीमेवर, मध्य प्रदेशाला लागून वसलेले आहे. बावनथडी व वैनगंगा या नद्यांचा हा प्रदेश धानाचा. रोवणीपूर्वी बांधीतले पाणी सर्वत्र सारखे उभे राहील अशी जमीन करणे, पंपाचा घसरणारा पट्टा ताणून बसविणे, मळणी यंत्राची चक्रे कोणती जलद व कोणती सावकाश फिरतात ते न्याहाळणे, या गोष्टी अशा प्रदेशातील मुलांच्या नित्य पाहण्यातल्या असतात. या परिचयाला ज्ञान म्हणावे की नाही, आणि म्हणावयाचे झाल्यास शाळेने ते कोणत्या पट्टीने मोजावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रश्न केवळ तात्त्विक नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रवेशासाठी महाराष्ट्रात घेतली जाणारी सामाईक परीक्षा भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित या तीन विषयांतील बहुपर्यायी प्रश्नांची असते. शिकवणीवर्ग ज्याच्या दाराशी आहेत त्याला तिची तयारी सुकर होते. बपेऱ्यासारख्या गावातील विद्यार्थ्याने हाताने जे मिळविले आहे त्याची नोंद मात्र तिच्यात कोठेही होत नाही. येथे एक विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या प्रवेशार्हतेच्या नियमांत, भौतिकशास्त्र व गणित यांच्या जोडीला रसायनशास्त्राऐवजी तांत्रिक व्यवसाय-विषय दीर्घकाळ मान्य होता. म्हणजे त्या विषयाने पात्रता मिळत असे. परंतु गुणवत्तेचा क्रम ज्या परीक्षेवरून लागावयाचा तिच्यात त्या विषयावर एकही प्रश्न नसे. वास्तुशास्त्राच्या प्रवेशासाठी मात्र उमेदवाराकडून चित्र काढून घेतले जाते. हाताची परीक्षा घेणे अशक्य आहे, हा आक्षेप एवढ्यावरूनच लंगडा पडतो.

शालेय अभियांत्रिकीच्या आजवरच्या योजनांत शिकविण्याचा विचार पुष्कळ झाला. मोजण्याचा विचार त्या मानाने दुबळा राहिला. जे मोजले गेले ते तयार वस्तूचे मोजमाप होते, अथवा वस्तूविषयी लिहिलेल्या उत्तराचे. स्वतःची चूक ओळखून, तिचे कारण शोधून ती दुरुस्त करण्याची शक्ती मोजली गेली नाही, आणि अभियांत्रिकीचा प्राण तर त्या शक्तीत आहे. पुढील विवेचन या एका मुद्द्याच्या अनुरोधाने केले आहे.

२

प्रथम संज्ञांचा विचार केला पाहिजे. हस्तकौशल्य आणि अभियांत्रिकी कौशल्य हे शब्द शालेय कागदपत्रांत अनेकदा एकमेकांच्या जागी येतात. हस्तकौशल्य आवृत्तीने वाढते : शंभर वेळा रंधा मारला की हात सरळ चालू लागतो. अभियांत्रिकी कौशल्यात याशिवाय तीन गोष्टी अभिप्रेत आहेत. कृतीपूर्वी आराखडा व माप यांच्या साहाय्याने परिणामाचे भाकीत करणे, ही पहिली. कृतीनंतर परिणाम त्या भाकिताशी ताडून पाहणे, ही दुसरी. दोहोंत जे अंतर पडले त्याचे कारण शोधून पुढील कृती बदलणे, ही तिसरी. जाणता सुतार दाराची चौकट बसविताना ओळंबा सोडून हेच करीत असतो. म्हणून ही शक्ती त्याच्याजवळ नाही असे मुळीच म्हणता येणार नाही. तथापि ती त्याला बापाशेजारी बसून मिळालेली असते, आणि शब्दांत व अंकांत मांडलेली नसल्यामुळे त्या घरात न जन्मलेल्याला ती सहसा मिळत नाही. बलुतेदारीच्या व्यवस्थेत कौशल्याला परीक्षा नव्हती, कारण ते जन्मानेच वाटून दिलेले होते. शाळेने अभियांत्रिकी कौशल्य शिकवावयाचे ते ही वाटणी मोडण्यासाठी. आणि वाटणी मोडावयाची तर कौशल्य सर्वांना दिसेल व तपासता येईल अशा रूपात मांडणे भाग आहे. मूल्यमापनाचा प्रश्न येथे सामाजिक न्यायाच्या प्रश्नाशी येऊन मिळतो.

युरोपात एकोणिसाव्या शतकात या विषयाच्या दोन परंपरा निर्माण झाल्या. मॉस्को येथील तांत्रिक विद्यालयात व्हिक्टर देला-व्होस याने १८६८ च्या सुमारास प्रत्येक धंद्याचे घटक-क्रियांत पृथक्करण केले व त्या क्रियांचे क्रमवार सराव-तुकडे ठरविले. १८७६ च्या फिलाडेल्फिया येथील प्रदर्शनामुळे ही पद्धत अमेरिकेत पोहोचली. स्वीडनमध्ये नेस येथे ऑटो सालोमोन याने ‘स्लॉइड’ या नावाने दुसरी पद्धत रूढ केली. तिच्यात मूल घरात उपयोगी पडणारी लहान वस्तू संपूर्णपणे स्वतः करी, आणि वस्तूपेक्षा करणाऱ्याच्या घडणीला महत्त्व असे. आपल्याकडील तांत्रिक शाळांत व औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत ज्याला ‘जॉब’ म्हणतात तो पहिल्या परंपरेशी नाते सांगतो. मूलोद्योगाची कल्पना दुसरीच्या जवळची आहे.

जॉबचा गुण असा की त्याला माप असते. कानशीने घासून केलेला लोखंडी चौकोन काटकोनात आहे की नाही हे गुण्या लावून क्षणात समजते. त्याचा दोष असा की पुढे आलेला चौकोन केवळ शेवट सांगतो. तो एका प्रयत्नात झाला की पाच, विद्यार्थ्याला वाकडेपणा स्वतः दिसला की शिक्षकाने दाखविला, किंबहुना हात कोणाचा लागला, याविषयी तो मूक असतो. परीक्षक मग सफाईला गुण देतो. सफाई ही चांगली गोष्ट खरी. पण ती सरावाची साक्ष आहे, समजेची नव्हे.

३

मध्य प्रांत व वऱ्हाडच्या ज्या प्रांतात भंडारा जिल्हा त्या काळी मोडत असे, त्याच प्रांतातील वर्धा येथे २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी शिक्षण परिषद भरली, आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्याच वर्षीच्या डिसेंबरात अहवाल सादर केला. या अहवालाने साडेपाच तासांच्या शालेय दिवसांपैकी तीन तास वीस मिनिटे मूलोद्योगाला दिली. उद्योग हा इतर विषयांच्या शेजारी बसविलेला एक विषय नसून सर्व विषयांचे केंद्र होय, ही त्यामागील भूमिका भारतीय शिक्षणविचारात अपूर्व होती. रूढ परीक्षापद्धतीचा निषेधही समितीने स्पष्ट शब्दांत केला.

परंतु जुनी परीक्षा दूर केल्यावर तिच्या जागी काय आले, हे पाहिले असता योजनेचा दुबळा दुवा सापडतो. शाळेचा खर्च उत्पादनातून काही अंशी निघावा, या अपेक्षेमुळे उत्पादनाचे मोजमाप हेच शिक्षणाचे मोजमाप होऊ लागण्याची शक्यता प्रारंभापासून होती. कताई-विणकामाच्या तपशिलात सुताचे प्रमाण व त्याची मजुरी यांचे हिशेब आहेत. सूत तुटले असता मुलाने चातीचा दोष शोधला की पेळूचा, हे टिपण्याची रीत नाही. समितीला या धोक्याची जाणीव होती. आर्थिक अंगावर भर देताना सांस्कृतिक व शैक्षणिक हेतू मागे पडू नयेत, असा इशारा तिने दिला होता. पण इशारा देणे वेगळे आणि शिक्षकाच्या हाती दुसरी पट्टी देणे वेगळे. ज्या शिक्षकाला सूत मोजता येत होते आणि विचार मोजता येत नव्हता, त्याने सूत मोजले, यात नवल नाही.

४

स्वातंत्र्योत्तर काळात याच कल्पनेला वेगवेगळी नावे मिळाली. कोठारी आयोगाने (१९६४-६६) ‘कार्यानुभव’ हा शब्द रूढ केला. १९७७ च्या ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ ही संज्ञा दिली. उच्च माध्यमिक स्तरावरील निम्मे विद्यार्थी १९८६ पर्यंत व्यवसायशिक्षणात असावेत, अशी कोठारी आयोगाची अपेक्षा होती. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणाने तीच अपेक्षा १९९० पर्यंत दहा टक्के व १९९५ पर्यंत पंचवीस टक्के इतकी खाली आणली; १९९२ च्या सुधारित धोरणाने मुदती आणखी पाच वर्षांनी पुढे ढकलल्या. २०२० च्या धोरणाने पुन्हा २०२५ पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसायशिक्षणाचा परिचय घडविण्याचे लक्ष्य सांगितले. लक्ष्यांची ही मालिका वाचताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते : किती विद्यार्थ्यांनी शिकावे हे प्रत्येक वेळी सांगितले गेले, शिकले हे कशावरून ओळखावे, याविषयी त्या मानाने फारच थोडे.

महाराष्ट्रातील उच्च माध्यमिक स्तरावरील द्विलक्षी अभ्यासक्रम हे या संदर्भात उद्‌बोधक उदाहरण आहे. विज्ञान शाखेत राहूनच दोनशे गुणांचा तांत्रिक विषय घेण्याची ही सोय मूलतः उत्तम. महाविद्यालयाचा मार्ग आणि कारखान्याचा मार्ग ही दोन्ही लक्ष्ये विद्यार्थ्यासमोर एकदम राहावीत, हा तिचा हेतू नावातच व्यक्त झाला आहे. परंतु अनेक विद्यार्थी व पालक हा विषय गुण वाढविण्याचे साधन म्हणून निवडतात, ही शिक्षणक्षेत्रातील सर्वपरिचित तक्रार आहे. तिचा दोष विद्यार्थ्यांकडे नाही. प्रात्यक्षिकाचे गुण जेथे बहुतेकांना सारखेच मिळतात तेथे ते गुण कोणाविषयीच काही सांगत नाहीत. आणि जे गुण काही सांगत नाहीत त्यांच्याकडे महाविद्यालयाने दुर्लक्ष केले तर तक्रार कोणत्या तोंडाने करावी? प्रवेशपरीक्षेने कौशल्याकडे पाठ फिरविली, तशी शालेय परीक्षेनेही कौशल्याची पत स्वतःच्या हाताने घालविली, असे खेदाने म्हणावे लागते.

२०१६ पासून देशभर उघडण्यात आलेल्या ‘अटल टिंकरिंग’ प्रयोगशाळांनी विषयात नवी साधने आणली. सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या अशा एका प्रयोगशाळेसाठी वीस लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद झाली. संवेदक व त्रिमितीय मुद्रक मुलांच्या हाती यावेत हे स्वागतार्हच आहे. मात्र ज्या मुलाने साध्या पट्टीने घेतलेल्या दोन मापांतील तफावतीचा विचार केलेला नाही, तो संवेदकाने दाखविलेला आकडा निमूटपणे मान्य करील. साधन जितके सफाईदार तितकी त्याची चूक अदृश्य.

५

मोजण्याच्या दृष्टीने या सर्वांहून वेगळा ठरतो तो पुणे जिल्ह्यातील पाबळचा प्रयोग. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तेथे विज्ञान आश्रमाची स्थापना केली. अन्नतंत्रज्ञानातील संशोधक आणि उद्योगाच्या प्रयोगशाळेतील अनुभवी शास्त्रज्ञ असलेल्या या गृहस्थांनी खेडे हीच कार्यशाळा मानली. आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांनी आठवड्यातील एक दिवस प्रत्यक्ष कामाला द्यावा. त्यात अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य ही चारही अंगे असावीत. शिकविणारे शक्यतो गावातील कामाचे जाणकार असावेत. आणि केलेले काम गावाच्या खऱ्या गरजेचे असावे, अशी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या अभ्यासक्रमाची रचना होती. राज्याच्या माध्यमिक मंडळाने त्याला पूर्वव्यावसायिक विषय म्हणून मान्यता दिली.

या प्रयोगाचे वैशिष्ट्य असे की त्यात गिऱ्हाईक हाच परीक्षक झाला. बिजागरीवर नीट न फिरणारे फाटक शेतकरी घेत नाही. तेथे सफाईला सवलत नाही आणि ओळखीला गुण नाहीत. वस्तूची किंमत काढावयाची म्हणून हिशेब आला, वस्तू बसावयाची म्हणून रेखाटन आले. मूलोद्योगातील मजुरीचा हिशेब आणि पाबळचा किमतीचा हिशेब यांत वरवर साम्य दिसते. पण येथे तो शाळा चालविण्यासाठी नसून काम समजण्यासाठी आहे, हा भेद महत्त्वाचा होय.

तरीही चिकित्सेच्या दृष्टीने दोन मर्यादा नोंदविल्या पाहिजेत. गिऱ्हाइकाचे समाधान हे शेवटी वस्तूचेच मोजमाप आहे. फाटक गटाने केले. त्यातील कोणाला जोड का फाकला ते समजले आणि कोणी केवळ दांडी धरली, हे शेतकऱ्याला सांगता येणार नाही. शिवाय दुसऱ्या प्रयत्नात सुधारलेले फाटक आणि पहिल्याच प्रयत्नात योगायोगाने साधलेले फाटक त्याच्या दृष्टीने सारखेच. शैक्षणिकदृष्ट्या पहिले अधिक मोलाचे आहे. पाबळने कामाला सत्य आणले. त्या कामातील प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाटचालीची, दुसऱ्या शाळेतील परीक्षकालाही वाचता येईल अशी नोंद, हे पुढचे पाऊल राहते.

६

हे पाऊल बपेऱ्यासारख्या ठिकाणी कसे टाकता येईल, याचा विचार करताना त्या प्रदेशाचा अभियांत्रिकी वारसा डोळ्यांआड करता येत नाही. पूर्व विदर्भातील हजारो जुने तलाव, ज्यांना आज माजी मालगुजारी तलाव म्हणतात, ते मुख्यत्वे कोहळी समाजाच्या परंपरागत जलज्ञानातून उभे राहिले. मातीची पाळ, पाणी सोडण्याचे तुडुम, जादा पाणी वाहून जाण्याची सलंग, आणि एका बांधीतून दुसरीत उतरणारे पाणी, ही सर्व रचना उताराच्या सूक्ष्म जाणिवेवर आधारलेली होती. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली आणि १९५१ पासून तलाव शासनाच्या ताब्यात गेले. मालगुजारी जाणे न्याय्यच होते; परंतु तलावांच्या देखभालीचे ज्ञान ज्या मालकीच्या व जातीच्या आधाराने टिकून होते तो आधार सुटला, आणि ते ज्ञान सांभाळण्यासाठी दुसरी संस्था उभी राहिली नाही. शाळा ही ती संस्था होऊ शकली असती.

पातळी काढणे हे काम त्या वारशातलेच आहे, आणि परीक्षेलाही ते सोयीचे आहे. पारदर्शक लवचीक नळी, तीत भरलेले पाणी, दोन खुणा केलेल्या काठ्या व एक फीत, एवढ्याच साधनांवर ते होते. समजा, वीस मीटर लांब व पंधरा मीटर रुंद अशी बांधी विद्यार्थ्याला दिली. त्याने ठरलेल्या बिंदूंवर पातळ्या घ्याव्यात, उंचसखल भागांचा आराखडा काढावा, आणि किती माती हलवावी लागेल त्याचे भाकीत करावे. तीनशे चौरस मीटरांपैकी एक तृतीयांश भाग योग्य पातळीहून सरासरी पाच सेंटीमीटर उंच असेल, तर शंभर चौरस मीटरांवरील पाच घनमीटर माती काढावी लागेल. मग बांधीत पाणी सोडावे. पाणी लबाडी करीत नाही : आराखड्यात सखल दाखविलेला कोपरा कोरडा राहिला की चूक उघडी पडते.

परीक्षा खऱ्या अर्थाने येथून सुरू होते. चूक कोठे झाली? नळीत हवेचा बुडबुडा अडकला होता काय? काठी तिरपी धरली गेली काय? पाण्याची वक्र कडा एकदा वरून व एकदा खालून वाचली गेली काय? की वजाबाकीच उलट झाली? यांपैकी प्रत्येक शंकेची तपासणी निराळी आहे. बुडबुड्याची शंका असल्यास नळीची दोन्ही टोके शेजारी धरून पाहावीत. पाणी दोहोंत एका रेषेत आले पाहिजे. जो विद्यार्थी ही तपासणी आपण होऊन करतो, त्याला जोडलेल्या द्रवाची पातळी एक का राहते ते समजले आहे. पुस्तकातील नियम त्याने पाठ म्हटला की नाही, हा मग गौण प्रश्न ठरतो.

यासाठी वहीचा एक साधा दंडक पुरे : पहिले माप खोडावयाचे नाही. पहिले वाचन, भाकीत, प्रत्यक्ष परिणाम, तफावतीविषयीचा तर्क, तर्काची तपासणी आणि दुसरे वाचन, अशा सहा नोंदी दिनांकासह असाव्यात, आणि गुणांचा मोठा वाटा शेवटच्या तिहींना द्यावा. आजच्या पद्धतीत विद्यार्थी चूक लपवितो, कारण चुकीला गुण कापले जातात. प्रयोगवहीतील आकडे उत्तरावरून मागे नेऊन बसविण्याची सवय याच भीतीतून लागते. चुकीच्या प्रामाणिक नोंदीला मूल्य दिले तर ती सवय लावणारे कारणच उरत नाही.

७

या सूचनेवर तीन आक्षेप येतील. पहिला विश्वसनीयतेचा : अशा वहीला एक परीक्षक साठ देईल, दुसरा चाळीस. हा आक्षेप खरा आहे. पण त्यावर उपाय ज्ञात आहे. एका कामाला नेमका आकडा देण्यापेक्षा दोन कामांपैकी चांगले कोणते ते सांगणे माणसाला सोपे जाते. अशा तुलनांतून एक क्रम बांधण्याची गणिती रीत एल. एल. थर्स्टन यांनी १९२७ मध्येच मांडली होती, आणि इंग्लंडमध्ये रिचर्ड किंबेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी शालेय आराखडा-तंत्रज्ञान विषयातील कामांच्या परीक्षणासाठी तिचा उपयोग करून दाखविला. तुमसर व मोहाडी तालुक्यांतील शिक्षकांनी एकमेकांच्या शाळांतील वह्या, नावे झाकून, जोडी-जोडीने वाचल्या तर ओळखीपाळखीचा दोषही कमी होईल. हे काम वेळखाऊ आहे, आणि काम एकाच प्रकारचे असल्याशिवाय तुलना न्याय्य होत नाही, हे मान्य केले पाहिजे.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा आहे. माध्यमिक शाळेत या विषयाचा स्वतंत्र शिक्षक असेलच असे नाही. परंतु वर सांगितलेल्या कामात गणित, भौतिकशास्त्र व भूगोल या तिन्ही विषयांच्या शिक्षकांना जागा आहे, आणि गावातील गवंडी, यंत्रदुरुस्ती करणारा किंवा जाणता शेतकरी यांना बोलावण्याची वाट पाबळने दाखविलीच आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर होय. खेड्यातील मुलांना बांधी आणि शहरातील मुलांना संगणक, अशी विभागणी यातून पक्की होणार नाही काय? मूलोद्योगावर हीच शंका घेतली गेली, आणि ती शंका निराधार नव्हती. यावरचे उत्तर विषयाच्या निवडीत नसून परीक्षेच्या समानतेत आहे. नागपूरच्या विद्यार्थ्याने इमारतीच्या गच्चीचा उतार काढावा, बपेऱ्याच्या विद्यार्थ्याने बांधीचा; काम निराळे असले तरी भाकीत, ताळा व दुरुस्ती हे निकष दोघांना एकच असावेत, आणि त्या निकषांवर मिळालेल्या गुणांना महाविद्यालयाच्या प्रवेशात दोघांसाठी सारखेच वजन असावे. हे वजन मिळाल्यावाचून अभियांत्रिकी कौशल्य हा विषय खेड्यातील मुलांसाठी प्रवेशद्वार न ठरता कुंपण ठरेल.

तात्पर्य, शालेय अभियांत्रिकीच्या इतिहासात उणीव साधनांची होती तशी पट्टीचीही होती, आणि दुसऱ्या उणिवेकडे लक्ष गेले नाही. वस्तू मोजणारी परीक्षा कारागीर आणि नक्कल यांत भेद करू शकत नाही; उत्तर मोजणारी परीक्षा समज आणि पाठांतर यांत भेद करू शकत नाही. पहिले माप न खोडता त्याखाली दुसरे माप लिहिणारा विद्यार्थी या दोन्ही परीक्षांना आज दिसत नाही. बपेऱ्याच्या बांधीत तो असेल, तर त्याला शोधण्याची जबाबदारी त्याच्यावर नसून परीक्षेची रचना करणाऱ्या शिक्षणशास्त्रज्ञांवर आहे.